आभाराची चौकट

फ्रेस्नो, कॅलिफोर्निया
९ नोव्हेंबर १९८७

प्रिय आर्डिस,

दफनाला मला येता आलं नाही, ही बोच आता जन्मभर राहणार. डॉक्टर म्हणतात, पायाचं प्लास्टर निघेपर्यंत विमानाचं नावही काढायचं नाही. आणि तू तुझा फोन काढून टाकलेला, त्यामुळे रडायचं तेही कागदावर. त्या दिवशी दफनगृहातल्या फोनवरून तू बोललीस ते किती? "डेल्बर्ट गेला, जेवणाच्या सुट्टीत, ट्रकमध्ये. गुरुवारी दफन आहे. तू पाय जप." तीन वाक्यांत नवऱ्याचं मरण सांगणारी बाई आमच्याच घराण्यात जन्मायची होती.

मला अजून खरं वाटत नाही. जेवणाच्या सुट्टीत ट्रकमध्ये बसल्याबसल्या माणूस जातो म्हणजे काय? काही त्रास होता का? होता तर तुम्ही मला कळवलं का नाही? पण तुम्ही दोघं कधी काही कळवाल तर शपथ.

एकच समाधान आहे. तू हॅस्केल फॉल्समध्ये आहेस, इथे नाहीस. इथे आमच्या पलीकडच्या घरातला म्हातारा वारला, ते आम्हाला घरावर विक्रीची पाटी लागली तेव्हा समजलं. आपल्या गावात असं कधी झालं नाही. तुझं स्वयंपाकघर माझ्या डोळ्यांपुढे आहे, भांडं ठेवायला जागा नसेल. नूडल्स, हॅम, बटाट्याचं सॅलड, आणि ओल्गा स्टेनबर्गची ती हिरवी जेली, जी कुणी खात नाही आणि तसं तिला कुणी सांगतही नाही. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव. आई गेली तेव्हा आपण दोघी किती दिवस भांडी परत करत हिंडत होतो. आणि भिंतीपलीकडे डोरीन आहे म्हटल्यावर मी निर्धास्त आहे.

खांदा फाउंड्रीतल्या मंडळींनीच दिला असेल ना? शाळा सुटल्यापासून डेल्बर्ट त्यांच्याबरोबर लोखंड ओतत होता. हार्लन क्रूगर तर ढसाढसा रडला असेल.

सगळं सविस्तर लिही. कोण कोण आलं, काय काय आणलं.

तुझी,
लव्होन


हॅस्केल फॉल्स, विस्कॉन्सिन
१७ नोव्हेंबर १९८७

प्रिय लव्होन,

पत्र मिळालं. दफन व्यवस्थित झालं. पाऊस नव्हता, वारा होता. पास्टर लिंड थोडक्यात बोलले, ते मला आवडलं. खांदा द्यायला माणसं होती. खाण्याचं म्हणशील तर मला भूकच नाही, त्यामुळे काही कमी पडलं नाही.

फाउंड्रीतून डेल्बर्टचा डबा आणि हातमोजे एका खोक्यात घालून पाठवले. खोकं घेऊन आलेला माणूस टेनेसीकडचा होता. दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि फार अदबीनं बोलला.

लोक आपापल्या परीने वागले. तू विचारतेस तेवढं सविस्तर लिहायला माझा हात चालत नाही. बर्फ पडायच्या आत खिडक्यांना प्लास्टिक लावायचं आहे. ते काम डेल्बर्टचं होतं.

आर्डिस


फ्रेस्नो
२३ नोव्हेंबर १९८७

प्रिय आर्डिस,

तुझं पत्र वाचून मी काय ते ओळखलं. तू पुरती खचली आहेस. तेव्हा एक काम मी तुझ्या डोक्यावरून उतरवलं आहे, रागावू नकोस. आई गेली तेव्हा पेपरात आभाराची चौकट द्यायला तू इतका उशीर केलास की बायका काय काय बोलल्या ते मी विसरलेले नाही. म्हणून या वेळी मीच आपल्या साप्ताहिकाला फोन करून मजकूर सांगितला. थँक्सगिव्हिंगनंतरच्या अंकात येईल. नक्कल पाठवते:

"आभार. डेल्बर्ट होल्म यांच्या निधनाच्या दुःखात ज्यांनी आमच्या घरी अन्न, फुले आणि धीर आणला, त्या सर्वांचे मनापासून आभार. विशेषतः शेजारी हार्लन व डोरीन क्रूगर, चर्चचे महिला मंडळ, आणि डेल्बर्टला शेवटचा खांदा देणारे फाउंड्रीतले त्याचे जुने सोबती. अशा शेजाऱ्यांत जगणे आणि मरणे हे भाग्य आहे. होल्म कुटुंब."

शेवटचं वाक्य माझं मलाच सुचलं. रॉय म्हणाला, जरा जास्तच झालं. नवरा असला तरी त्याला काय कळतंय, तो लॉस एंजलिसचा.

तुझी,
लव्होन


हॅस्केल फॉल्स
५ डिसेंबर १९८७

लव्होन,

चौकट परवा छापून आली. टायरच्या जाहिरातीखाली आहे, पण गावात सगळे आधी तेच पान उघडतात.

आता ऐक. कुणीही आलं नव्हतं. एक भांडं नाही, एक फूल नाही. दफनाला मी होते, पास्टर होते, आणि फाउंड्रीच्या ऑफिसातला एक माणूस होता, तो सारखा घड्याळ बघत होता. खांदा दफनगृहाच्या नोकरांनी दिला. एक माणूस कमी पडला, तेव्हा पास्टर लिंड यांनी झगा सावरत एक कोपरा धरला. नंतर चर्चच्या तळघरात कॉफीची मोठी किटली भरून ठेवली होती. ती भरलेलीच ओतून दिली.

संपाबद्दल मी तुला एवढंच लिहिलं होतं की संप झाला आणि मिटला. त्याच्या चौथ्या महिन्यात, शहाऐंशीच्या जानेवारीत, डेल्बर्ट फाटकातून आत कामावर गेला. फाटकावर हार्लन उभा होता. युनियनचा अध्यक्ष तोच. त्याने शिवी दिली नाही, ट्रकवर हात आपटला नाही. टोपी काढली आणि छातीशी धरली, रस्त्यावरून प्रेत चाललं की आपण धरतो तशी. त्याचं बघून बाकीच्यांनीही काढल्या. हे मला डेल्बर्टने घरी येऊन सांगितलं, स्वतःची टोपी हातातच धरून.

तुला वाटेल, मग भांडणं झाली असतील. भांडणं झाली असती तर मी देवाचे आभार मानले असते. आपल्या गावात भांडतात का? दुकानात समोर आले की म्हणतात, "थंडी वाढली," आणि पुढे सरकतात. आमच्या दारापुढचा बर्फ वर्षानुवर्षं हार्लन स्वतःच्या बर्फाबरोबर काढायचा. त्या हिवाळ्यापासून त्याचं फावडं आमच्या हद्दीपाशी येऊन थांबायला लागलं. फोन वाजायचा, उचलला की पलीकडे नुसता श्वास. म्हणून हिवाळा सरल्यावर फोन काढून टाकला. पुढे संप फसला. फाउंड्रीत बाहेरून आणलेली माणसं कायम झाली आणि हार्लन आता शाळेत फरशी पुसतो. डेल्बर्टशी जुने बोलत नव्हते आणि नव्यांशी हा बोलत नव्हता. डबा ट्रकमध्ये बसून खायचा. तिथेच गेला.

तो आत का गेला, ते तुलाही आजच कळतंय. संप सुरू होताच कंपनीने सगळ्यांचा औषधपाण्याचा विमा बंद केला, आणि त्याच सुमाराला मला रक्त जायला लागलं. गर्भाशयात गाठ निघाली. कामावर परत जाणाऱ्याचा विमा त्याच दिवशी सुरू होणार होता. तो गेला, आणि मॅडिसनला माझी शस्त्रक्रिया झाली. हे कुणाला सांगायचं नाही अशी शपथ त्याला मी घातली होती. माझ्या असल्या जागेचं दुखणं तळघरात कॉफीबरोबर चघळलं जावं हे मला नको होतं. तो म्हणाला, "लोकांना वाटेल मी पगारासाठी गेलो." मी म्हटलं, वाटू दे. त्याने वाटू दिलं.

म्हणून मी या लोकांना दोष देत नाही. त्यांना ठाऊकच नाही. एवढ्या एका गोष्टीवर मी इथे सकाळी उठते आणि संध्याकाळी निजते. पण तुझी चौकट वाचून गावाला वाटलं की मी त्यांना भर चौकात टोमणा मारला. काल मागच्या पायरीवर माझं काचेचं भांडं ठेवलेलं होतं. डोरीनची आई गेली तेव्हा मी तिला त्यात नूडल्स करून दिले होते, संपाच्या आधी. घासूनपुसून लख्ख, आणि रिकामं. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चार बिस्किटं तरी घालतात. तुला मी हे समजावून सांगायला नको.

तू डोरीनबरोबर शाळेत एका बाकावर बसलीस. माझ्यापेक्षा तू तिला जास्त ओळखतेस. मला एकच खरं सांग. त्यांना कळलं असतं तर ते आले असते ना?

आर्डिस


फ्रेस्नो
१० डिसेंबर १९८७

प्रिय डोरीन,

पेपरातली चौकट आर्डिसची नव्हे, माझी होती. काय झालंय हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं गाव नेहमीसारखंच वागलं असणार, म्हणून मी अंदाजाने तुम्हा सगळ्यांची नावं घातली. टोमणा नव्हता गं. निव्वळ मूर्खपणा होता, आणि तो माझा.

आता जे लिहिते ते लिहायची मला परवानगी नाही. डेल्बर्ट फाटकातून आत गेला तो आर्डिससाठी. तिला कर्करोग होता, शस्त्रक्रिया अडली होती. तिने त्याला बोलू दिलं नाही, मलाही कळू दिलं नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून तुमचा दोष नाही. पण आता ठाऊक झालंय. नाताळ जवळ आलाय आणि ती त्या घरात एकटी आहे. तू एकदा तिच्या दारावर थाप मार. बाकी काही करू नकोस.

तुझी जुनी मैत्रीण,
लव्होन


हॅस्केल फॉल्स
४ जानेवारी १९८८

लव्होन,

नाताळात घर भरलेलं होतं, आणि काय लिहावं तेही ठरत नव्हतं, म्हणून उशीर.

चौकट तुझी होती हे कळलं ते बरं झालं. हार्लनने ती वाचली आणि ताटावरून उठला. मला राग आला, त्या रागात मी तिचं भांडं रिकामं नेऊन ठेवलं. पायरी उतरताना माझी मलाच लाज वाटली. पण मागे फिरले नाही.

आता दुसरं. तू लिहितेस, आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक होतं. आमच्या डार्लाला फिट येतात हे तू जाणतेस. विमा बंद झाल्यावर तिला मॅडिसनला धर्मादाय विभागात दाखवायला नेलं होतं. तिथल्या व्हरांड्यात आर्डिस बाकावर बसलेली दिसली. अंगात दवाखान्याचा झगा, पायांवर डेल्बर्टचा कोट. वरची कर्करोग विभागाची पाटी मी वाचली. मला पाहून ती लाजेल म्हणून मी डार्लाला दुसऱ्या जिन्याने घेऊन गेले. डेल्बर्ट नुकताच आत गेला होता, तो का गेला ते मला तिथे कळलं.

घरी येऊन मी आर्डिसचं नाव प्रार्थनेच्या साखळीत घातलं. तू गेल्यानंतर ही साखळी सुरू झाली. कुणी आजारी पडलं की एकीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला, आणि सगळ्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करायची. ओल्गा स्टेनबर्ग आर्डिसला फोन करायची आणि आर्डिस मला. त्या हिवाळ्यात ओल्गा थेट मला करायला लागली. आम्ही आर्डिससाठी रोज प्रार्थना केली लव्होन, सगळ्या बायकांनी, तिचं नाव घेऊन. फक्त तिचं घर गाळून.

तू म्हणशील, मग तिच्या दारात का गेला नाहीत. दुखणं कुणाच्या घरात नव्हतं? डार्लाच्या गोळ्या मी सुरीने मधोमध कापून देत होते, पुरवायच्या म्हणून. त्याच फेब्रुवारीत ती जिन्यावर फिट येऊन पडली. समोरचे दात गेले, कपाळावरची खूण आता जन्माची आहे. हार्लन रात्रभर तिच्या उशाशी होता आणि सकाळी फाटकावर गेला. बाहेरच्या बाजूला. त्याला आत जायचा मोह झाला नसेल असं तुला वाटतं का?

डेल्बर्टने बायको वाचवली. आम्ही संप वाचवायला गेलो, तो वाचला नाही. डेल्बर्ट वाईट माणूस होता असं मी कधी म्हटलं नाही आणि म्हणणार नाही. पण त्याच्या घरी जेवण घेऊन जायला माझे पाय वळले नाहीत. अजूनही वळत नाहीत.

हे आर्डिसला सांगायचं की नाही, ते तू ठरव.

डोरीन


फ्रेस्नो
११ जानेवारी १९८८

प्रिय आर्डिस,

किती दिवस लिहीन म्हणते आणि राहून जातं. प्लास्टर निघालं, काठी घेऊन चालते. इथे संत्री आली आहेत, एक खोकं तुला पाठवलं आहे.

तू जे विचारलं होतंस, त्याचा मी खूप विचार केला. होय आर्डिस. कळलं असतं तर ते आले असते. धावत आले असते. आपली माणसं तशीच आहेत, कुणाचं दुखणं त्यांना बघवत नाही. तुझा हा विश्वास अगदी बरोबर आहे आणि तो तू सोडू नकोस. चौकटीबद्दल मी डोरीनला माफीचं पत्र पाठवलं होतं. तिचं काही उत्तर नाही.

मी काय म्हणते, वसंतात घर बंद कर आणि माझ्याकडे ये. मागची खोली रिकामीच आहे. त्या गावात आता तुझं काय राहिलंय?

तुझी,
लव्होन


हॅस्केल फॉल्स
१८ फेब्रुवारी १९८८

प्रिय लव्होन,

संत्री पोचली. काही नासली होती, बाकीची गोड निघाली.

तुझं पत्र मी ड्रॉवरमध्ये ठेवलं आहे आणि अधूनमधून काढून वाचते. धावत आले असते, असं तू लिहिलंस. तू उगाच बरं वाटावं म्हणून बोलणारी आहेस हे मला माहीत आहे, पण मी इतकं कळवळून विचारल्यावर तू खोटं लिहिणार नाहीस. मग मी हे असं का धरून बसले आहे? शपथ माझी होती आणि ज्याला घातली तो तर गेला. माझ्या लाजेपायी त्याच्या नावाला जो डाग लागला तो पुसणं माझ्याच हातात आहे.

जमीन मऊ झाली की त्याचा दगड बसवायचा आहे. त्या वेळी त्याच्या जुन्या सोबत्यांनी कबरीपाशी उभं राहावं, एवढंच मला हवं आहे. मला कुणी भांडं भरून आणायला नको.

ईस्टरच्या आधीचा लेंट सुरू झाला आहे, बुधवारी संध्याकाळी तळघरात सगळे सूप प्यायला जमतात. येत्या बुधवारी मी उभी राहून सगळं सांगणार आहे, एक शब्दही न गाळता. पास्टर लिंड यांना विचारलं आहे. त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना, मग हो म्हणाले. कित्येक महिन्यांत मला आज पहिल्यांदा नीट भूक लागली.

आर्डिस


फ्रेस्नो
२२ फेब्रुवारी १९८८

आर्डिस,

पत्र आत्ता मिळालं. जलद टपालाने पाठवते आहे. बुधवारच्या आत हे तुझ्या हाती पडू दे.

बोलू नकोस. कारण विचारू नकोस. बरं वाटत नाही म्हणून सांग आणि घरी राहा. पास्टरांच्या घरी फोन केला, कुणी उचलला नाही. तुझा दगड तू बसव, कुणी आलं तर आलं. मी येते, काठी टेकत येते आणि तुला घेऊन जाते. पण त्या तळघरात उभी राहू नकोस.

लव्होन


हॅस्केल फॉल्स
२७ फेब्रुवारी १९८८

लव्होन,

तुझं पत्र काल, शुक्रवारी आलं.

बुधवारी वाटाण्याचं सूप होतं. सगळ्यांचं वाढून झाल्यावर मी उभी राहिले. गाठ कुठे होती ते सांगितलं, तो शब्द हार्लनसमोर आणि पास्टरांसमोर उच्चारला. विमा सांगितला, मॅडिसन सांगितलं, शपथ सांगितली. बोलताना मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. ऐकल्यावर त्यांची तोंडं कशी होतात ते मला बघायचं होतं, इतके दिवस मी मनात तेच बघत आले होते. कुणी दचकलं नाही. कुणी शेजारणीकडे वळून पाहिलं नाही. हार्लन चमच्याकडे बघत बसला होता. शेवटाला पोचायच्या आधीच मला समजलं, पण तोंड सुरू झालं होतं ते थांबेना. तो पगारासाठी गेला नव्हता, हे वाक्य मी दोनदा म्हटलं.

मग डोरीन म्हणाली, "आर्डिस, बस आता. सूप गार होतंय."

मी बसले. आणि मी ते सूप प्यायले, लव्होन, वाडगा रिकामा होईपर्यंत. उठून निघून जायला हवं होतं, वाडगा भिंतीवर फेकायला हवा होता. आपल्याला ते येत नाही. ओल्गा स्टेनबर्गने माझ्या हातावर हात ठेवला आणि प्रेमाने म्हणाली, "आता तब्येत छान दिसते हो तुझी. त्या हिवाळ्यात साखळीतल्या सगळ्याजणींनी तुझ्यासाठी प्रार्थना केली होती." तिला खरंच आनंद झाला होता. त्या हिवाळ्यात साखळीचा एकही फोन मला आला नव्हता. मला वाटायचं, चला, गावात कुणी आजारी नाही.

नंतर मी भांडी घासत होते आणि डोरीन पुसायला शेजारी येऊन उभी राहिली. दोन वर्षांत ती माझ्या इतकी जवळ आली नव्हती. ती हळूच म्हणाली, "तू बोलणार हे मला आधी कळलं असतं तर मी तुला थांबवलं असतं. लव्होनने सांगितलं नाही का? मी तिला जानेवारीतच सगळं लिहिलं होतं."

मी म्हटलं, टपालाचा काही भरवसा नाही, तिला मिळालं नसेल. तुझ्यासाठी खोटं बोलताना मला विचारही करावा लागला नाही. डोरीनने मान हलवली आणि पुढचं भांडं घेतलं. मग तिने डार्लाच्या गोळ्यांचं सांगितलं. मी ऐकून घेतलं. एवढ्या जवळ राहून ती मुलगी दात का लपवून हसते, हे मी कधी विचारलं नव्हतं.

दगड एप्रिलमध्ये बसवीन. पास्टर येतील आणि दगडवाल्याची माणसं येतील. तू येऊ नकोस आणि मला बोलावू नकोस. मागची खोली दुसऱ्या कुणाला दे.

डोरीनचा मला राग आहे आणि तो जाणार नाही. पण तिला मी कधी काही विचारलं नव्हतं, म्हणून तिने मला काही सांगितलं नाही. या गावात मी कुणालाच काही विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते एकट्या तुला.

आर्डिस